मीटर बाय मीटर

आमच्या तालुक्यात कोणी जमिनीत खुंटी ठोकली की माणसं आधी खुंटीकडे बघतात आणि मग आपल्या घराकडे. घर अजून आहे ना, याची खात्री करायला. धरणाच्या वेळी आधी खुंट्याच आल्या होत्या. त्यांना लाल चिंध्या बांधल्या गेल्या, दोन वर्षं काहीच झालं नाही, आणि मग एका पावसाळ्यात पाणी आलं ते परत गेलंच नाही. धोंडाबाईचं माहेर त्या पाण्याखाली आहे. माहेराची आठवण आली की ती धरणाकडे तोंड करून बसते आणि शिव्या देते.

त्यामुळे २००३ सालच्या भादव्यात तिच्या लेकाच्या, काळूरामच्या खाचरात चार खुंट्या ठोकल्या गेल्या, तेव्हा ती बांधावर उभी राहून काहीच बोलली नाही. हे वाईट लक्षण होतं.

खुंट्या ठोकणारा वाल्मिक हा कृषी संशोधन केंद्राचा माणूस. वय सव्वीस, नगरकडचा, केंद्राच्या मोटारसायकलवर बसला की त्याचे पाय जमिनीला लागत नसत. केंद्राने भाताची नवी जात शोधली होती, तिला अजून नाव नव्हतं, नुसता नंबर होता, सात. पाच गावांत पाच शेतकऱ्यांकडे पाच-पाच गुंठ्यांवर ती लावून बघायची होती. किन्हवलीच्या अलीकडच्या या वाडीत काळूरामला 'निवडक शेतकरी' म्हणून घेतलं. निवड अशी झाली की मोटारसायकल त्याच्या बांधापर्यंत आली आणि पुढे चिखल होता.

वाल्मिकने फुलोऱ्यात आलेल्या भातात सुतळीने एक चौकोन आखला. चार कोपऱ्यांना खुंट्या, खुंट्यांना लाल चिंध्या. मग उकिडवा बसून त्यातल्या लोंब्या मोजल्या. बराच वेळ त्याचे ओठ हलत होते. आकडा वहीत लिहिला, कोणाला सांगितला नाही.

"किती घेनार?" धोंडाबाईने विचारलं.

"काय, आजी?"

"जमीन."

"जमीन नाही हो. एवढ्यातलंच पीक कापून वजन करायचं. मीटर बाय मीटर."

"आता एवढंच बोलतात," धोंडाबाई म्हणाली आणि घरी गेली.

वाल्मिकने काळूरामची एका छापील कागदावर सही घेतली. सही करताना काळूरामचा हात थरथरला, पण तो कोणत्याही कागदावर थरथरतो. मतदान करतानाही थरथरला होता.

सात नंबर लवकर पिकणारं निघालं. दसऱ्याला घरची झिनी, म्हणजे नेहमीचं भात, अजून हिरवीगार होती आणि हे मात्र पिवळं होऊन खाली वाकलेलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कापणीला येतो, असा वाल्मिकचा निरोप आला.

दसऱ्याच्या सकाळी काळूराम बैल धुवायला ओढ्यावर गेला. परत आला तर दारावर तोरण. आंब्याची पानं, झेंडूची फुलं आणि मधे मधे नव्या भाताच्या लोंब्या. दसऱ्याला नवं करायचं असतं. शेतातल्या पहिल्या पिकल्या लोंब्या आणून देवाला, दाराला, अवजारांना बांधायच्या. लोंब्या नांगराला होत्या, जात्याला होत्या, सायकलच्या हँडलला होत्या. काळूरामला बरं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की वाडीत आज एकाच जागी भात पिकलेलं आहे.

"आये, नवं कुठनं कापलंस?"

"आपल्याच शेतातनं. मी काय चोरी करते?"

"शेतातनं कुठनं?"

"खुंट्यांच्या आतनं."

काळूराम ओटीवर बसला.

"सगळं खाचर पडलंय, तुला तीच जागा गावली?"

"मुद्दाम तिथलंच कापलं," धोंडाबाई शांतपणे म्हणाली. "माझ्या बापाच्या शेतात खुंट्या ठोकल्या त्या साली आमी नवं केलं नाय. भात पिकलं नव्हतं, शेजाऱ्याकडनं आनलं. पानी आलं. ज्या जाग्याचं नवं देवाला गेलं तो जागा देवाचा. सरकार घेईल कसा?"

"किती कापलंस?"

"पुरंल एवढं. देवळात दिलं, गोजरला दिलं, पारूला दिलं."

काळूरामची बायको काशी चुलीपासून उठून आली. मुलगी रेश्मा शहापूरला बारावीला होती, म्हणजे घरातली छापील कागदांची सगळी जबाबदारी तिची. तिने पत्र्याच्या पेटीतून तो कागद काढला आणि वाचला. "प्रायोगिक क्षेत्रात कोणत्याही प्रकारे हस्तक्षेप झाल्यास त्यास सदर शेतकरी सर्वस्वी जबाबदार राहील."

"सर्वस्वी मंजे?" काळूरामने विचारलं.

"पूर्ण."

"जबाबदार मंजे?"

"मंजे... तुमीच."

काळूरामच्या आयुष्यात 'जबाबदार' हा शब्द एकदाच आला होता. चुलतभावाच्या हातून मुरबाडच्या रस्त्याला ट्रॅक्टर उलटला तेव्हा. चुलतभाऊ पाच वर्षं कोर्टात जात होता आणि ट्रॅक्टर तर त्याचा नव्हताच.

तिघं शेतावर गेली. चौकोनाच्या मधोमध बोडक्या काड्यांचं एक वर्तुळ दिसत होतं, न्हाव्याने मधेच हात थांबवल्यासारखं. धोंडाबाईने लोंब्या तेवढ्या खुडल्या होत्या, काड्या तशाच उभ्या.

"तोरनं सोडून आनू?" तो म्हणाला.

"देवीच्या गळ्यातनं काढाल?" काशी म्हणाली. "तिकडं पन जबाबदार व्हाल."

मार्ग रेश्माने काढला. अकरावीला तिने शिवणाचा कोर्स केला होता. चौकोनाच्या बाहेर जवळजवळ पाच गुंठे तसंच भात उभं होतं. तिथल्या लोंब्या आणून या काड्यांना बांधायच्या. ती घरून दोऱ्याचं रीळ घेऊन आली. पांढरा दिसेल म्हणून हिरवा आणला. भात पिवळं होतं, पण पिवळा दोरा संपला होता.

दुपारचं ऊन. खाचरात पाणी नव्हतं, नुसता मऊ चिखल, पाय घोट्यापर्यंत आत जायचा आणि काढताना आवाज करायचा. काळूराम विळ्याने बाहेरच्या लोंब्या खुडून आणायचा, काशी काडीला लोंबी धरायची, रेश्मा दोन वेढे आणि गाठ मारायची, दोरा दाताने तोडायची. पानांच्या कडांनी हात चिरले होते, त्यात घाम झोंबत होता. काळूराम दर गाठीला रस्त्याकडे बघत होता.

"किती झाल्या?" त्याने विचारलं.

"साठ," रेश्मा म्हणाली.

"कापल्या होत्या किती?"

ते कोणालाच माहीत नव्हतं. धोंडाबाईला वीसच्या पुढे मोजायची कधी गरज पडली नव्हती. आणि वाल्मिकच्या वहीतला आकडा वाल्मिकलाच माहीत.

"त्याचे ओठ लई वेळ हलत व्हते," काशी आठवून म्हणाली. "बांध अजून. कमी भरलं तर विचारतील. जास्तीला कोन विचारतंय?"

मग प्रत्येक काडीला दोन-दोन बांधल्या. काळूराम घाबरलेला असल्यामुळे चांगल्या, भरलेल्या, जड लोंब्याच निवडून आणत होता. फोल लोंबी दिसली की त्याला त्यात फौजदार दिसायचा.

एवढ्यात बांधावरून गोजर आली. गोजर ही शेजारीण, तिला सांगितलेली गोष्ट एसटीच्या आधी किन्हवलीला पोचते. हातात आपट्याची पानं, सोनं द्यायला निघालेली. तिला भातात तिघांची नुसती डोकी दिसली.

"काय गो काशे, तिथं काय बसलीस?"

काशी म्हणाली, "पोट बिघडलंय."

"आनि काळूराम?"

"त्यांचं पन."

"पोरीचं?"

"तिगांचं. शिरखंड खाल्लं."

गोजरने सोनं बांधावरच ठेवलं, वर दगड ठेवला आणि नाकाला पदर लावून निघून गेली. संध्याकाळपर्यंत वाडीत कोणी श्रीखंडाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी वाल्मिक आला. मोटारसायकलचा आवाज वळणावर ऐकला तेव्हाच काळूराम बांधावर येऊन उभा राहिला. चौकोन उभा होता, खरं तर लवला होता. लोंब्यांच्या वजनाने सुतळीवर रेलला होता. वाल्मिक त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"काका, हे... दाट झालंय."

"खत तुमचंच," काळूराम म्हणाला. आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

वाल्मिकने बुडातून कापलं, ताडपत्रीवर झोडलं, पाखडलं, पिशवीत भरून ताणकाट्याला लावलं. काटा खाली गेला. त्याने पिशवी काढली, काटा झटकला, परत लावली. मग तिसऱ्यांदा. एका मीटरच्या चौकोनातून आठशे नव्वद ग्रॅम. चांगल्या शेतात साडेचारशे भरतात.

मग त्याने दाण्यांतून काहीतरी उचललं. चिमटीत धरून उजेडाकडे केलं. बोटाच्या पेराएवढा हिरवा दोरा.

"हे काय?"

काशी म्हणाली, "माझ्या लुगड्याचा असंल."

तिचं लुगडं लाल होतं. वाल्मिकने लुगड्याकडे बघितलं, दोऱ्याकडे बघितलं. मग पाठ करून ताडपत्रीवर वाकला, बराच वेळ काहीतरी वेचत राहिला, वहीत लिहीत राहिला. जाताना त्याला पाच वेळा किक मारावी लागली. ते कोणी बघितलं नाही. सगळे आपापले पाय बघत होते.

नोव्हेंबरात काळूरामने उरलेलं सात नंबर झोडलं. पाखडताना निम्मं वाऱ्यावर उडालं. चौकोनाबाहेरची चांगली लोंबी त्याने स्वतःच खुडली होती, ते सोडून दिलं तरी हे भात फोलच होतं. शेजारच्या झिनीने त्याच्या दीडपट दिलं. काळूरामने ते कोणाला सांगितलं नाही. त्याला वाटलं, संपलं. सरकार पिशवी घेऊन गेलं, विसरलं. सरकार बऱ्याच गोष्टी विसरतं.

सरकार विसरलं नव्हतं. सरकारकडे आता कॉम्प्युटर होता.

फेब्रुवारीत जीप आली. त्यातून केंद्राचे मोठे साहेब उतरले. ते सहा महिन्यांत निवृत्त होणार होते आणि त्यांच्या नावावर अजून एकही भात नव्हतं. त्यांनी काळूरामला मिठी मारली. काळूरामला वाटलं पकडलं, म्हणून त्याने हात वर केले. साहेबांनी कॉम्प्युटरवर काढलेला कागद ओटीवर पसरला. पाच गावांचे पाच खांब. चार खांब बोटाएवढे. पाचवा कागदात मावला नव्हता, म्हणून वर दुसरा कागद चिकटवला होता.

"ह्या चार गावांचं काय झालं?" रेश्माने विचारलं.

"तिथे काहीतरी चूक झाली असावी," साहेब म्हणाले. "पुढच्या खरिपात तुमच्या आसपासच्या सहा गावांना सात नंबरचं बियाणं फुकट. शिवाय शेतकरी मेळावा, तुमच्याच खळ्यावर."

वाल्मिक जीपमध्येच बसून होता. खाली उतरला नाही.

जाताना साहेबांनी बांबूच्या खुंट्या काढवल्या आणि तिथे लोखंडी अँगल ठोकून पाटी लावली. 'विक्रमी उत्पादन स्थळ', खाली काळूरामचं नाव. धोंडाबाईने पाटी वाचून घेतली. मग दोन दिवस जेवली नाही. "लोखंडाच्या आल्या," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून काळूरामला झोपेत कागदाचा खांब दिसायला लागला. तो वर वर जायचा आणि वर काळूराम बसलेला असायचा, खाली उतरायला जागा नाही. वजन उतरलं. लोक म्हणायचे, मोठा मानूस झाला, चिंता लागली.

मेळावा मे महिन्यात ठरला. आदल्या दिवशी काळूराम रोपांच्या जागेवर राब भाजत होता. पालापाचोळ्याला आग लावून फोकाटीने, म्हणजे लांब काठीने, ती सारखी करत होता, धुराने डोळे चुरचुरत होते. तेव्हा पारू आली. पारू विधवा, अर्धा एकर, एक लेक. लेक बाळंतपणाला घरी आलेली.

"काळूदादा, तुझं भलं होवो," ती म्हणाली.

"काय झालं?"

"घरात दाना नाय रे. बियानाची झिनी तेवढी हाय कणगीत. उद्या उकडाया टाकते, गिरनीत नेते. पोरीला पेज तरी होईल. आता बी ठेवून करायचं काय? तुझं सात नंबर मिळतंय ना फुकट."

काळूरामच्या हातातली फोकाटी आगीतच राहिली. "पारू, थोडं थांब ना."

"कशाला? तुझ्या एका मीटरात किलोभर निघालं, साहेब बोलला. माझा अर्धा एकर हाय." ती हसली. तिचे दोन दात पडले होते. "तुझ्या भरवशावर हाय सगळं."

ती गेली. काळूरामने घरी येऊन काशीला सांगितलं. काशी भाकरी थापत होती, हात थांबला.

"सांगाल तर नेतील तुमाला," ती म्हणाली.

"आनि नाय सांगलं तर?"

काशीने भाकरी तव्यावर टाकली. ती करपली.

मेळाव्याला मांडव होता, माइक होता, जनरेटर होता आणि त्या सगळ्याला पुरून उरेल एवढं ऊन होतं. तीनशे माणसं. बियाणाच्या पिशव्या मांडवाच्या कडेला रचून ठेवलेल्या. काळूरामला खुर्चीवर बसवलं, शाल घातली, लोकरीची. मे महिन्यात. घाम त्याच्या कानामागून शालीत उतरत होता. समोरून पारू घाईने आली, पदराने कपाळ पुसत, पुढेच बसली. गोजर तिच्याशेजारी सरकली.

"उशीर का गो?"

"चुलीवर पानी ठेवून आले. उकळलं की भात टाकायचं. लेकीला बोलले, मी पिशवी घेऊन येते, मंगच टाकू."

काळूरामने ते ऐकलं. व्यासपीठ त्यांच्यापासून चार हातांवर होतं. मोठ्या साहेबांनी माइक त्याच्या हातात दिला. "सांगा काळूराम, तुम्ही असं काय केलंत?"

कर्ण्यातून खरखर आली.

"आमी..." तो म्हणाला. त्याला मांडवाच्या टोकाला उभा असलेला पोलीस दिसला. पोलीस सरबत पीत होता. "आमी बांधल्या."

"बांध घातला!" साहेब म्हणाले. टाळ्या.

"बांध नाय, लोंब्या. आयेनं नव्यासाठी कापल्या. मंग आमी दुसऱ्या बांधल्या. दोऱ्यानं. भ्यालो आमी. जास्तच बांधल्या."

मग तीनशे माणसं हसली. मागून कोणी तरी ओरडलं, "बी एकट्यालाच ठेवायचं हाय याला!" साहेबही हसले आणि म्हणाले, "शेतकरी फार विनोदी असतो."

काळूरामला रडू फुटलं. तो माइकमध्येच रडला. "पारू, नको टाकू गो! सात नंबर फोल हाय. निम्मं वाऱ्यावर गेलं माझं. झिनी टाकू नको पान्यात!"

हसणं थांबलं. गोजर हळूहळू उठून उभी राहिली. तिच्या तोंडावर सात महिन्यांचा विचार होता.

"मंजे," ती म्हणाली, "दसऱ्याला तुमचं पोट बिघडलं नव्हतं?"

"नाय," काशी बायकांमधून म्हणाली.

"आनि मी सगळ्या वाडीचं शिरखंड फेकायला लावलं!"

तेव्हा वाडीने विश्वास ठेवला. श्रीखंड सगळ्यांच्या लक्षात होतं. पारू मात्र त्याआधीच उठली होती. साडी गुडघ्यापर्यंत धरून, अनवाणी, तापलेल्या रस्त्याने ती घराकडे धावत सुटली होती.

मोठे साहेब मात्र उभेच होते. "पुरावा काय?" ते म्हणाले. "हा माणूस घाबरलाय. वजन मी स्वतः बघितलंय वहीत."

वाल्मिक पिशव्यांच्या मागून बाहेर आला. कधी नव्हे तो पांढराफटक. त्याने बॅगेतून वही काढली, पान उघडलं आणि साहेबांसमोर धरलं. पानावर चिकटपट्टीने एका ओळीत हिरवे दोरे लावले होते. खाली सुवाच्य अक्षरात, 'बाह्य पदार्थ : दोरा, सतरा नग.'

"नियम आहे सर," तो म्हणाला. "धान्यात जे सापडेल ते लिहायचं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"लिहिलं होतं सर. तुम्ही फक्त वजनाचं पान मागवलंत." मग म्हणाला, "माझी ऑर्डर तीन-तीन महिन्यांची असते सर."

साहेबांनी दोरे मोजले. सतरा होते. मग चष्मा काढला, पुसला, घातला आणि परत मोजले. तेवढ्या वेळात ते सहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसले. काळूरामला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम.

"साहेब," त्याने विचारलं, "मना कधी नेनार?"

"कुठे?"

"जबाबदार हाय ना मी. सर्वस्वी."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. बियाणाच्या पिशव्यांकडे बघितलं. त्या सगळ्या परत जीपमध्ये भरायच्या होत्या. शाल परत घ्यायची का, याबद्दल कोणतंच परिपत्रक नव्हतं, म्हणून ती काळूरामच्या अंगावरच राहिली. मग ते वाल्मिकला हळूच म्हणाले, "ती पाटी काढा. अँगल पण काढा." माइक चालूच होता, सगळ्या वाडीने ऐकलं.

माणसं खाचराकडे चालू लागली. जमीन दगडासारखी तापलेली, अँगल निघेना. वाल्मिक हलवून हलवून थकला तेव्हा काळूरामने शाल कमरेला गुंडाळली आणि पहार आणली. पहिला अँगल निघाला. दुसरा. पहार दोनदा पायाजवळ पडली.

पारू परत आली ती धापा टाकत. पदरात मूठभर झिनी, दाखवायला आणलेली. कोरडी होती.

"पानी उकळत व्हतं रे," एवढंच म्हणून ती बांधावर बसली आणि पाय चोळायला लागली. काशी तिच्याजवळ जाऊन बसली. "पेजेला आमची ने," म्हणाली. "दोन पायल्या हायत."

चौथा अँगल निघाला तेव्हा धोंडाबाई तिथे आली. तिने चारी भोकांत बघितलं, पायाने माती लोटून एकेक बुजवलं, वर टाच मारली. मग मोठ्या साहेबांकडे वळली.

"सांगलं व्हतं याला मी," ती म्हणाली, "नवं केलेल्या जाग्यात खुंटी ऱ्हात नाय." आणि जीपकडे बोट दाखवून विचारलं, "धरनाच्या हापिसात पन तुमीच बसता का?"